छत्तिसाव्या आठवड्याचं शून्य

“शून्य टाका,” साहेब म्हणाले.

तक्तेबाईंनी कळफलकावरचे हात उचलून मांडीवर घेतले. समोर पडद्यावर पस्तिसाव्या आठवड्याचा तक्ता उघडा होता. एकोणीसपैकी अठरा केंद्रांचे आकडे भरून झाले होते. शेवटच्या ओळीत, नदीपलीकडच्या केंद्रापुढे, एक रिकामा चौकोन मघापासून लुकलुकत होता.

“फोन आलेला नाही, साहेब. रुग्ण नाहीत असं कुणी सांगितलेलं नाही.”

“कळलं मला. पण चार वाजता अहवाल वर जायचाय. एक चौकोन रिकामा राहिला की अख्खा तक्ता परत येतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? बाकी अठरा केंद्रांची औषधं त्याच्यावर अडून बसतात.”

“मग मागच्या आठवड्याचाच टाकते. तेवीस.”

“अंदाजानं आकडा टाकता येत नाही, बाई.”

“शून्य हाही अंदाजच की.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. तीन आठवडे धड घरी गेला नव्हता, शर्टाची कॉलर मळलेली होती आणि टेबलावरचा फोन वाजला की खांदे आपोआप वर जात होते. “पूर आलाय, टॉवर पडलाय. दोन दिवसांत फोन लागेल, मग दुरुस्ती करू. आता टाका.”

पावणेचार वाजले होते. बाईंनी शून्य टाकलं. चौकोन लुकलुकायचा थांबला आणि तक्ता निमूटपणे वर निघून गेला.

बाई या आरोग्य कार्यालयात अठ्ठावीस वर्षं साथीच्या रोगांचे तक्ते करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते शिपायापासून साहेबांपर्यंत कुणाच्या तोंडी नव्हतं. तक्तेबाई म्हटलं की त्याच. टेबल जिन्याखाली, पाठीमागे भिंत, आणि त्या भिंतीवर त्यांनी आखलेल्या कागदाचे तक्ते एकाला एक जोडून चिकटवलेले. कॉलराची रेघ लाल पेन्सिलीची. अठ्ठावीस वर्षांच्या अठ्ठावीस रेघा. नवीन येणारा डॉक्टर आधी हसायचा, संगणक असताना हे कशाला म्हणून विचारायचा, आणि वर्षभरानं स्वतःच त्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभा राहायचा.

रेघा पाहून पाहून बाईंना त्यांचा स्वभाव कळायला लागला होता. जलवाहिनी फुटली की रेघ चार दिवसांत ताठ उभी राहते. विहिरीत घाण गेली तर आधी दोन-तीन आठवडे नुसती चुळबुळते. पण वर कशीही जावो, खाली येताना कॉलरा कधी धाडकन येत नाही. गुडघे दुखणारं माणूस जिना उतरतं तसा तो एकेक पायरी, मध्ये थांबत, कठड्याला धरून उतरतो. चार, अकरा, तेवीस आणि मग शून्य, अशी रेघ त्यांच्या भिंतीवर एकही नव्हती.

आणि नदीपलीकडचा आकडा न येणं तर आणखीच आक्रीत. तिथल्या सिस्टर गेली अकरा वर्षं दर सोमवारी दहाच्या सुमाराला फोन करून आकडे सांगायच्या. त्या केंद्रात संगणक नव्हता. लाइन खरखरायची म्हणून दोघींनी आपली एक पद्धत ठरवून टाकली होती. सिस्टर आधी घसा खाकरणार, मग प्रत्येक अंक सुटा सांगणार, आणि बाई तो परत म्हणून दाखवणार.

“दोन, तीन. तेवीस.”

“दोन, तीन. तेवीस. मृत्यू?”

“दोन.”

कामाचं संपलं की अर्धा मिनिट इकडचं तिकडचं. तेवढ्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांत अकरा वर्षांत पुष्कळ कळलं होतं. सिस्टरांनी लग्न केलेलं नाही. म्हातारे वडील जवळ असतात, ते शिंपी होते, अजूनही केंद्राच्या चादरींना तेच टीप घालतात. सिस्टरांना उंचीची भीती वाटते. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झाली नव्हती. दोनदा प्रशिक्षणाच्या निमित्तानं ठरलं, एकदा बाईंना ताप आला, एकदा तिकडे बाळंतपण निघालं. “आवाजावरून तुम्ही उंच वाटता हो,” सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या. बाई पाच फुटांनाही दोन बोटं कमी होत्या. त्यांनी तसं सांगितलं नाही.

शेवटच्या फोनमध्ये इकडचं तिकडचं झालंच नव्हतं. “सलाइनच्या आठ बाटल्या उरल्यात,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “पावडरीची पाकिटं आहेत, पण जे आणतात ते एकदम शेवटाला आणतात, त्यांना तोंडानं चालत नाही. साहेबांच्या कानावर घालाल ना? मी लोकांना सांगून ठेवते, नावा तयार ठेवा म्हणून.”

बाईंनी त्याच क्षणी साहेबांना सांगितलं होतं. साहेबांनीही त्याच क्षणी चाळीस खोकी नदीपलीकडे म्हणून चिठ्ठी लिहिली होती. गाडी यायची होती पुढच्या मंगळवारी, आठ दिवसांनी.

आणि सोमवारी तिथे शून्य गेलं.

मंगळवारी सकाळी भांडारातला माणूस गाडी अंगणात उभी करून साहेबांच्या खोलीत गेला. पाच मिनिटांत बाहेर आला आणि चिठ्ठीवरचं नाव खोडताना जिन्याखाली थांबला. “गिरणीजवळच्या वस्तीत चौदा आहेत म्हणे,” तो म्हणाला. “तुमच्या पलीकडे तर शून्य. वरून फोन आला, जिथं रुग्ण तिथं माल.”

“ते शून्य खरं नाहीये.”

“कागदावर तर आहे.”

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, “मलाही चैन नाही बाई, पण वरच्यांना मी काय दाखवू? तुमच्या भिंतीवरच्या रेघा?” हे त्यांनी टोमणा म्हणून नव्हतं म्हटलं. खरोखरच विचारलं होतं. त्यांनी पर्यवेक्षकाला पलीकडे पाठवलं. तो संध्याकाळी काठावरून परत आला, पाणी फार आहे, नावा बंद आहेत असं सांगून मोकळा झाला.

घरी बाईंचा नवरा होता. छापखान्यात जन्म काढला होता. यंत्रांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले होते आणि आता निवृत्त होऊन दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावून बसायचा. बाई बोलायला लागल्या की तो रेडिओ बंद करायचा. तेवढं प्रेम त्या घरात शिल्लक होतं आणि ते पुष्कळ होतं.

“फोन लागत नाही,” बाई म्हणाल्या. दिवसातून तीसदा लावून झाला होता.

“कोण वागत नाही?”

“लागत. फोन. सिस्टरांचा.”

“मग जाऊन ये.”

“मी जाऊन काय करणार? मी डॉक्टर आहे का नर्स? मला आकडे लिहिता येतात.”

त्यानं रेडिओ परत लावला. त्याला ऐकू आलं की नाही, हे बाईंना कळलं नाही.

बघता बघता पुढचा सोमवार आला. दहा वाजले, अकरा वाजले, दोन वाजले. फोन मुका. मधल्या काळात वरून शाबासकीचं पत्र आलं होतं: साथ आटोक्यात आणल्याबद्दल कार्यालयाचं अभिनंदन. साडेतीनला साहेब जिन्यापाशी आले, बाईंच्या पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि परत गेले. छत्तिसाव्या आठवड्याचा चौकोन लुकलुकत होता. पस्तिसाव्याला बाई निदान भांडल्या तरी होत्या. या वेळी त्यांनी चारच्या ठोक्याला मुकाट्यानं शून्य टाकलं.

मग उठून रजेचा अर्ज लिहिला.

बुधवारी सकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. पिशवीत नोंदवहीचे कोरे कागद, दोन पेनं, आणि भांडारातल्या माणसाकडून मागून घेतलेल्या सलाइनच्या सहा बाटल्या. “मोजणीत फुटल्या म्हणून दाखवतो,” तो म्हणाला होता. त्याच्या आवाजात कणव होती की अपराधीपणा, कुणास ठाऊक. काठापर्यंत चार तास लागले. पाणी ओसरलं होतं, चिखल उरला होता, आणि चिखलात दोन नावा उपड्या न घालता सरळ, दोर बांधून ठेवलेल्या होत्या.

नावाड्यानं त्यांची पिशवी उचलून घेतली. “औषधवाल्या का तुम्ही?”

“नाही.”

“मग डॉक्टरीणबाई?”

“नाही. मी लिहिणारी. कार्यालयात तक्ते करते.”

त्यानं वल्हं पाण्यात घातलं. नाव ढकलून प्रवाहात घेतली. मग म्हणाला, “सिस्टर म्हणाल्या होत्या गाडी येणार. त्या दोन नावा आम्ही आठ दिवस तशाच ठेवल्या. मासेमारीलाही काढल्या नाहीत. रोज एकजण काठावर बसायचा, रस्त्याकडं तोंड करून.”

“नावा बंद होत्या ना पण? पाणी फार होतं म्हणून?”

“तीन दिवस बंद होत्या. मग चालू.” त्यानं मागे वळून पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.”

“काय?”

“सिस्टर गेल्या. शनिवारी.”

वल्ह्याचा आवाज चालूच राहिला. बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की शनिवार म्हणजे छत्तिसावा आठवडा. आपल्या मनात हे आधी यावं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड फिरवून पाण्याकडे केलं.

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि पुढे लांब ओसरी. ओसरीवर मध्ये भोक पाडलेल्या खाटा, खाली बादल्या, चुन्याचा आणि फिनेलचा वास. सात माणसं पडून होती. एक जाडजूड, पन्नाशीची बाई पातेल्यात मीठ-साखरेचं पाणी ढवळत होती. सगळे तिला मावशी म्हणत. केंद्र झाडणं, पाणी भरणं, बाळंतिणीला आंघोळ घालणं हे तिचं काम. गेले सहा दिवस डॉक्टर, नर्स, सगळं तीच होती.

“तुम्ही सोमवारच्या बाई,” बाईंनी हाक मारताच ती म्हणाली; फोनमधला आवाज ओसरीपर्यंत ऐकू यायचा. तिनं बाटल्या घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि कपाटात ठेवल्या. “या आता मला लावता येणार नाहीत. शीर फक्त सिस्टरांना सापडायची.”

बाई ओसरीच्या कडेला बसल्या. त्यांना हे सुचलंच नव्हतं. सहा बाटल्या मांडीवर घेऊन, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला सांभाळत त्या चार तास आल्या होत्या.

“झालं कसं?” त्यांनी विचारलं.

“व्हायचं तसंच. गुरुवारी सकाळी उठल्या, म्हणाल्या, मावशी, माझं पोट बरं नाही. वही घेऊन बसल्या, स्वतःच लिहिलं. एक बाटली राहिली होती. त्याच वेळेला ती कुंभाराची सून आणली, पोटुशी, डोळे खोल गेलेले. तिला लावली. मी म्हटलं, अहो तुम्ही. तर म्हणाल्या, मला तोंडानं चालेल.” मावशीनं पळी पातेल्यावर आपटून झटकली. “नाही चाललं. चमचा आत, चमचा बाहेर. बाबा उशाशी बसून रात्रंदिवस चमच्यानं पाजत होते. शनिवारी दुपारी संपलं. कुंभाराची सून घरी गेली परवा. चालत.”

“बाबा कुठं आहेत?”

“पुतण्यानं नेलं.”

मावशीनं आतून नोंदवही आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा पाण्यानं फुगलेल्या. बाईंनी अकरा वर्षं ज्या वहीतले आकडे ऐकले होते ती त्यांनी आज पहिल्यांदा हातात घेतली. अक्षर आवाजासारखंच होतं, सुटं सुटं, एकात एक न मिसळलेलं. पस्तिसाव्या आठवड्यात एकतीस रुग्ण, पाच मृत्यू. छत्तिसाव्यात पानं भरत गेलेली. शहाऐंशी क्रमांकाला तेच अक्षर, जरा तिरकं झालेलं: स्त्री, वय चव्वेचाळीस, धंदा परिचारिका, राहणार केंद्रातच, लक्षणं सुरू पहाटे चार. शेवटचा रकाना, परिणामाचा, रिकामा. त्यापुढे पान कोरं.

“पुढचे लिहिले नाहीत,” मावशी म्हणाली. “मला लिहिता येत नाही. पण सगळे ध्यानात आहेत.”

“सांगा.”

मावशी सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या. न्हाव्याची आई, सत्तरीची, गेली. शाळेचा चौकीदार, बरा. दोघी जावा एकाच दिवशी आल्या, मोठी राहिली, धाकटी गेली. मध्येच कुणी कण्हलं की मावशी उठायची, आणि तिनं एकदा वाटी-चमचा बाईंच्या हातात दिला, तेव्हा बाईही उठल्या. एका म्हाताऱ्या माणसाच्या ओठांना चमचा लावून बसल्या. तो गिळतोय की नाही हे त्यांना कळेना. पाणी हनुवटीवरून खाली येत होतं. “हळू,” मावशी लांबूनच म्हणाली. “दोन चमच्यांच्या मध्ये शंभर मोजा.” बाई मोजायला लागल्या. मोजता त्यांना येत होतं.

एकशे तीनपर्यंत वही भरली. मग मावशी म्हणाली, “तो एक रकाना मोकळा राहिलाय.”

बाईंनी पान मागे उलटलं. शहाऐंशीपुढे तारीख घातली आणि ‘मृत’ असं लिहिलं. आपलं अक्षर त्यांना फार गिचमिड वाटलं.

दुसऱ्या दिवशी वही साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांनी ती पहिल्यापासून वाचली, शहाऐंशीवर थांबले, आणि किती तरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही. मग मात्र त्यांनी करता येण्यासारखं सगळं केलं. डॉक्टर पाठवला, गाडी पाठवली, विहिरींत औषध टाकायला माणसं पाठवली. दारसुद्धा न लावता वरच्या कार्यालयाशी फोनवर अर्धा तास बोलले. बाई जिन्याखालून ऐकत होत्या. आधी त्यांचा आवाज चढलेला होता. मग समजावणीचा झाला. मग नुसतं “हो, हो” झालं.

बाहेर आले तेव्हा ते बाईंच्या टेबलाला टेकून उभे राहिले. “मागचे आठवडे बंद झालेत म्हणतात. एकदा वर गेलेला तक्ता उघडता येत नाही. उशिरा आलेले आकडे चालू आठवड्यात धरायचे.”

“म्हणजे सदतिसाव्यात?”

“सत्तावन्न मागचे आणि चालूचे जे होतील ते. एकत्र.”

“पण साहेब, आता साथ उतरतीये. सदतिसाव्याला रेघ अशी उभी राहिली तर पुढं बघणाऱ्याला वाटेल, डॉक्टर गेला, गाडी गेली, औषध टाकलं आणि मग कॉलरा आला.”

“वाटेल.”

“आणि पस्तीस-छत्तीसला तिथं काही नव्हतंच असं वाटेल.”

साहेब टेबलापासून बाजूला झाले. त्या शून्यांखाली सही त्यांचीच होती. बाईंनी सोमवारी पंच्याहत्तर टाकले. भिंतीवरच्या कागदावर मात्र त्यांनी साध्या पेन्सिलीनं दुसरी रेघ काढली. चार, अकरा, तेवीस, एकतीस, सव्वीस, अठरा. एकेक पायरी उतरणारी. महिन्याभरानं तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, एका केंद्राच्या दोन रेघा कशा? वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, एक पुसा. साहेब म्हणाले, पुसतो. मग त्या दोघांचं चहापाणी झालं आणि विषय राहून गेला.

सिस्टरांचे वडील आले ते त्यानंतरच्या आठवड्यात. बारीक, वाकलेला माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शिपायानं त्यांना जिन्याखालच्या बाकावर बसवलं. त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढून बाईंच्या टेबलावर उलगडलं. कार्यालयाचं सांत्वनपत्र होतं. आपल्या कार्यालयाच्या नदीपलीकडील केंद्रातील परिचारिका यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले, वगैरे.

“हा एवढा शब्द बदलून हवा होता,” त्यांनी बोट ठेवलं. शिंप्याचं बोट, टोकाला सुईनं खरखरीत झालेलं. “अल्पशा आजाराने. बाकी पत्र चांगलं आहे. मला दुसरं काही मागायचं नाही, बाई. पण अल्पसा कसा म्हणता येईल? तीन दिवस बादल्या मी उपसल्यात. कॉलरा झाला, काम करताना झाला, एवढं लिहून द्या. पुतण्याच्या गावात लोक विचारतात, काय झालं होतं पोरीला, तर हे पत्र दाखवायची सोय नाही.”

बाई पत्र घेऊन आत गेल्या. साहेबांनी ते वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

“कॉलरा लिहायचं तर आधार लागतो. प्रयोगशाळेला नमुना गेलेला नाही. आणि ज्या आठवड्यात त्या गेल्या त्या आठवड्यात त्या केंद्राला आपल्या नोंदीप्रमाणे एकही रुग्ण नाही.” ते खिडकीकडे बघत होते. “मी वर लिहून पाहतो. हो म्हणतील असं नाही वाटत. त्यांना तुम्हीच सांगा, बाई. मला नाही जमणार.”

बाई बाहेर येऊन बाकावर, म्हाताऱ्याच्या शेजारी बसल्या. टेबलामागे बसून हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

“बाबा, ते बदलता येत नाही म्हणतात. त्या आठवड्याच्या कागदावर तुमच्या केंद्रापुढं शून्य आहे. एकही रुग्ण नाही असं.”

“असं कसं? वही आहे ना.”

“वही नंतर आली. शून्य आधी गेलं.” बाईंनी हात मांडीवर एकात एक धरले. “ते मी टाकलं होतं. माझ्या हातानं.”

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असता, दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

“आवाज ओळखला मी तुमचा,” तो शेवटी म्हणाला. “सोमवारी बोलायचात त्या तुम्हीच. ती टेकडीवर गेली होती, पहिल्या सोमवारी. तिथं वर खडकावर उभं राहिलं तर फोन लागतो असं कुणी तरी सांगितलं होतं. तिला उंचावर गेलं की गरगरतं, तरी गेली. दोन तास उभी होती फोन हातात धरून. खाली आली ती म्हणाली, बाबा, नाही लागत. बाई वाट बघत असतील.” त्यानं पत्राची होती तीच घडी घातली. “मी सांगितलं तिला, त्यांना कळेल, काही तरी अडचण असणार. तर म्हणाली, त्यांना कळेलच.”

वरच्या मजल्यावरून कुणी तरी जिना उतरत आलं, त्यांच्या पुढून गेलं. म्हाताऱ्यानं पत्र खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि घसा खाकरला. अगदी सिस्टर खाकरायच्या तसाच.

“परतीची गाडी कितीची?” बाईंनी विचारलं.

“तीनची आहे. अवकाश आहे अजून.”

“पाणी देऊ का?”

“द्या.”

बाईंनी कोपऱ्यातल्या पिंपातून पेला भरून आणून दिला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. ओशाळल्यासारखा हसला.

“उकळलेलं आहे ना? राग मानू नका. तिची सवय लागलीये. लग्नाघरी गेलो तरी विचारायला लावायची.”

“विचारून येते,” बाई म्हणाल्या.

शिपाई दारात उभा होता. बाईंनी विचारलं तेव्हा तो गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागला. “कोण उकळतंय इथं, बाई? नळाचंच आहे. आपण सगळे तेच पितो.”

बाईंनी बाकापाशी येऊन पेला परत घेतला आणि मोरीत ओतला. मग नोंदींच्या खोलीत चहासाठी ठेवलेली शेगडी लावली, पातेलं राखेनं घासून घेतलं, त्यात पाणी भरलं आणि वर ठेवलं. तळाशी बुडबुडे धरले, मग कडेनं, मग सगळं पाणी खदखदायला लागलं. तरी त्यांनी लगेच उतरवलं नाही. सिस्टर लोकांना किती वेळ सांगत असतील ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनानं आणखी बराच वेळ ठेवलं. चिमट्यानं उतरवून पेला उकळत्या पाण्यानं विसळला, भरला आणि वर बशी झाकून बाहेर आणून बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला.

“गरम आहे अजून,” बाई म्हणाल्या.

“असू दे,” म्हातारा म्हणाला. “निवेल.”

दोघं पाणी निवायची वाट बघत बसून राहिले.